तिनं अर्थ सांगितला

मोखाड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये हल्ली मी पुढे बसते, ड्रायव्हरच्या शेजारी. तिथं गाण्यांचा आवाज इतका असतो की कोणाशी बोलावं लागत नाही. गिअर टाकताना ड्रायव्हर "मॅडम, जरा पाय" म्हणतो, मी पाय आवरते, झालं संभाषण. पूर्वी मी मागे बसायची. मागे, दाराजवळ, आणि माझ्या शेजारी ती. जव्हारच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलायचा नाही, बाकीची माणसं वैतागायची, पण आम्हाला कधी कंटाळा आला नाही. तिची शाळा आधी यायची, माझी पुढे, घाट उतरल्यावर. ती उतरून गेली की उरलेला रस्ता मला लांब वाटायचा. आता सगळाच लांब वाटतो.

हे लिहितानाही मला तिचा राग येतोय. आणि अजून राग येतोय याचाही राग येतोय. खून-मारामारी झालेली नाही, कोणाचं घर बुडालेलं नाही. कोणाला सांगायला गेलं तर तो म्हणेल, एवढंच? हो, एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीनं माझं सगळं घर विसकटून टाकलं. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही दोघी एकाच आश्रमशाळेत वाढलो. तिचं गाव डोंगराच्या वरच्या अंगाला, माझं खाली दाभोशाच्या बाजूला, नदीजवळ. दोघींच्या घरी एकच बोली. मराठीच्या जवळचीच, पण ज्याला सवय नाही त्याच्या हाती फारसं काही लागत नाही. शाळेत ती बोललेली चालायची नाही. सर म्हणायचे, नीट बोला. आम्ही वर्गात नीट बोलायचो आणि बाहेर आलो की आमचं सुरू. आमच्या रेक्टर बाई नगरकडच्या होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून, हात जोडून, अगदी गरीब चेहऱ्यानं आम्ही त्यांच्याच आमटीबद्दल काय काय बोललोय ते देवाला माहीत. बाई म्हणायच्या, "काय म्हणते गं ही?" आणि ती लगेच सांगायची, "बाई, ती म्हणते आमटी छान झालीय." इतकी हजरजबाबी होती. मला हसू दाबता यायचं नाही, मार मात्र मलाच बसायचा.

पुढे दोघी शिक्षिका झालो, दोघींना मोखाडा तालुक्यात शाळा मिळाल्या, दोघी जव्हारला खोल्या घेऊन राहिलो. माझं लग्न झालं, तिचं झालं. पण जीपमध्ये बसलो की आम्ही परत आश्रमशाळेतल्या. शेजारी नाशिक-जळगावकडून नोकरीला आलेले गुरुजी बसलेले असायचे आणि आम्ही त्यांच्या टकलापासून त्यांच्या डब्यापर्यंत सगळ्याचा समाचार घ्यायचो. त्यांना काही कळायचं नाही. जीपमधल्या गावच्या बायांना मात्र सगळं कळायचं. त्या तोंडाला पदर लावून हसायच्या आणि गुरुजींना वाटायचं, बाया लाजतायत. सांगायचा मुद्दा असा, की ती भाषा म्हणजे आमची आतली खोली होती. तिथं मी काहीही बोलायची. बाहेर बोलताना प्रत्येक शब्द तपासून बोलणारी मी तिच्याशी बोलताना कधी तपासलं नाही.

आमच्या केंद्रात दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. सगळ्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात, एकजण सगळ्यांसमोर पाठ घेऊन दाखवतो, मग केंद्रप्रमुख साहेब बोलतात, मग चहा. त्या वर्षी माझी पाळी आली. मला पाठाचं भय नव्हतं, पहिलीच्या पोरांना तर मी झोपेतही शिकवीन. भय होतं मोठ्या माणसांसमोर बोलायचं. आदल्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी शाळेच्या ओट्याच्या त्या कोपऱ्यात बसले जिथं रेंज येते, आणि तिला व्हॉइस मेसेज पाठवला. आमच्या भाषेत. चांगला लांबलचक.

त्यात मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण नंतर मी तो इतक्या वेळा ऐकला. म्हणाले, मी रोज आरशासमोर उभी राहून पाठ म्हणून बघतेय. ‘पाणी’ म्हणायला जाते आणि ‘पानी’ निघतं. साहेब समोर बसले की मला वाटतं मी अजून आश्रमशाळेतच आहे, आणि कोणीतरी मागून येऊन म्हणेल, ए, तू इथं कशी? चल घरी. मला नोकरी चुकून लागलीय आणि हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मग साहेबांची थोडी नक्कल केली. मग जराशी रडले. मग रडले म्हणून हसले, आणि म्हणाले, उद्या माझ्यासमोर बस, मी घाबरले की तुझ्याकडे बघीन.

ती बसली समोर. मी दोन-तीनदा तिच्याकडे बघितलं, तिनं मान हलवली. पाठ चांगला झाला. चहा न घेताच मी पळाले, कारण घरी पाहुणे यायचे होते.

पुढच्या परिषदेला चहा वाटताना एक सर माझ्यासमोर कप धरून म्हणाले, "काय मॅडम, आज आरशाला सुट्टी वाटतं?"

दोघं-तिघं हसले. मीही हसले. न कळता हसायची मला जुनी सवय, मोठ्या माणसांत बसून लागलेली. मग दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी म्हणालं, "अरे, मॅडमना पाणी द्या. पानी नको, पाणी." आता सगळेच हसले. आरसा आणि पाणी. ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नव्हती. मी तिच्याकडे बघितलं. ती कपातल्या चहाकडे बघत होती, जसं काही तिथं काहीतरी पडलंय.

नळापाशी हात धुताना एक वयस्कर मॅडम माझ्याजवळ आल्या. भल्या बाई आहेत, आजही त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. त्या म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो. मागच्या वेळी तुम्ही लवकर गेलात ना, तेव्हा तुमच्या मैत्रिणीनं ऐकवला तुमचा मेसेज. आम्हाला तर एक शब्द कळला नव्हता, नुसती गंमत वाटत होती. मग तिनं एकेक वाक्य थांबवून अर्थ सांगितला."

मेसेज ऐकवला हे मी कदाचित गिळलं असतं. माणूस कधी बोलून जातो, ऐकवून जातो, हात चुकून लागला म्हणतो. पण थांबवून? बटण दाबायचं, माझा आवाज थांबवायचा, समोरच्यांकडे बघायचं, माझ्या भयाचं मराठी करून सांगायचं, त्यांचं हसून होईपर्यंत थांबायचं, आणि परत बटण दाबायचं. रडण्याच्या जागी तिनं काय केलं असेल? तिथं अर्थ सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी आम्ही दोघी रस्त्यावर जीपची वाट बघत उभ्या राहिलो. बाकीचे मोटरसायकलवर गेले. मी तिला आमच्या भाषेत विचारलं, असं का केलंस?

ती मराठीत म्हणाली, "अगं, मला ते गोड वाटलं म्हणून ऐकवलं. सगळे तुझं कौतुकच करत होते. तू ना, फार मनाला लावून घेतेस."

मी परत आमच्या भाषेत विचारलं, अर्थ का सांगितलास?

"त्यांनी विचारला म्हणून," ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. आश्रमशाळेत रेक्टर बाईंनी विचारल्यावर दर वेळी खोटं सांगणारी हीच का ती, असं मला झालं. आणि आमच्या आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या भाषेत बोलत होते आणि ती मराठीत उत्तर देत होती. शेवटी "सॉरी" म्हणाली, तेही अगदी छान, पुस्तकी. जीप आली. ती मागे बसली. मी पुढे जाऊन बसले.

तिनं असं का केलं याचा मी पुष्कळ विचार केला. तिचा ‘ण’ माझ्यापेक्षा बरा आहे, पण दमली की तिलाही ‘पानी’च येतं, मला माहीत आहे. त्या लोकांत ती माझ्यापेक्षा जास्त वेळ बसायची, चहा घ्यायची, वाढदिवसाचे केक आणायची. त्यांच्यातली व्हायला तिला काहीतरी द्यावं लागणार होतं आणि तिच्याकडे द्यायला मी होते. कधी वाटतं, तिलाही तेच भय होतं जे मला होतं, फक्त तिनं ते माझ्या नावानं सांगून टाकलं. हे कळून राग जायला हवा होता. नाही गेला. केसानं गळा कापला की केस कोणाचा होता हे कळून काय करायचं?

आणि गंमत बघा, संशय तिच्यावर घ्यायचा सोडून मी माझ्यावरच घ्यायला लागले. खरंच मी फार मनाला लावून घेते का? खरंच ते कौतुक होतं का? मी तो मेसेज काढून परत परत ऐकायची. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला माझी दया आली. मग ऐकता ऐकता मला तो त्यांच्या कानांनी ऐकू यायला लागला. किती चिरका आवाज. किती रडकी बाई. हिला कोणी नोकरी दिली? मी स्वतःच हसण्याच्या जागा शोधून काढल्या.

मग जुन्या आठवणींवर उतरले. बाजारात कापड घेताना उलटं करून शिवण बघतात, तशी एकेक आठवण उलटी करून बघायला लागले. आश्रमशाळेत मी ताटासकट पायरीवरून घसरले होते तेव्हा सगळ्या पोरी हसल्या, तीही हसली, ती माझ्याबरोबर हसली की मला हसली? रेक्टर बाईंसमोर मार नेहमी मलाच कसा बसायचा? एकदा ही खोड लागली की थांबता येत नाही. पंचवीस वर्षांची मैत्री मी पंधरा दिवसांत उसवून टाकली आणि हातात धड एक धागा आला नाही. खरं काय होतं ते आता मला कधीच कळणार नाही, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

घरी नवऱ्याचे हाल सुरू झाले. नवरा वाडा तालुक्याकडचा, जव्हारला एका ऑफिसात कारकून, स्वभावानं सरळ. एकदा जेवताना म्हणाला, "आज डाळ छान झालीय."

मी म्हटलं, "आज म्हणजे? रोज काय होतं?"

"अगं, डाळीला छान म्हणालो मी."

"मग आजच का म्हणालात?"

त्यानं ताटातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि गप जेवायला लागला. मी सोडते कसली. विचारलं, "माझं बोलणं ऐकून तुम्हाला हसू येतं का?"

तो लगेच नाही म्हणाला असता तर मिटलं असतं. पण तो विचार करणारा माणूस, त्यानं विचार केला. म्हणाला, "लग्न झालं तेव्हा यायचं कधी कधी. प्रेमानं."

प्रेमानं, गोड, कौतुक. हे शब्द ऐकले की आता माझ्या अंगावर काटा येतो. मी ताट उचललं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. शेवटी तो म्हणाला, "तिचा राग माझ्यावर काढू नकोस." बरोबर होतं त्याचं. पण राग असा पत्ता बघून थोडाच जातो?

शाळेतही तेच. पहिलीला नवीन पोरं येतात तेव्हा त्यांना मराठी येत नाही. त्यांच्याशी घरच्या भाषेत बोलायला लागलं की त्यांची भीड मोडते, हे माझं शाळेतलं एकमेव भांडवल होतं. आता मी बोलायच्या आधी दाराकडे बघायला लागले. कोणी सर बाहेर उभे नाहीत ना? कोणी मोबाईल धरलेला नाही ना? तोवर पोर ज्यासाठी उठलेलं असायचं ते विसरून खाली बसायचं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. आईपर्यंत जायला नको होतं ते.

आईच्या गावात रेंज नाही. नदीच्या खोलगटात घरं आहेत, तिथं फोन नुसता घड्याळ बघायला. वर रस्त्याच्या वळणावर एक सपाट दगड आहे, तिथं रेंज येते. संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी गावातल्या बाया त्या दगडावर जमतात. कोणाचा मुलगा भिवंडीला गोदामात, कोणाची मुलगी-जावई ठाण्याला बांधकामावर. तिथं पोचलं की फोन टिंग टिंग वाजायला लागतात आणि दिवसभराचे मेसेज येऊन पडतात. मग एकेक मेसेज मोठ्यानं लावायचा आणि सगळ्यांनी मिळून ऐकायचा. एकीच्या मुलाला ताप आला की पाच जणी औषध सांगणार, आणि ती सगळी औषधं एकाच मेसेजमधून त्याला जाणार. तिथं कोणाचं काही वेगळं नसतं. आईला वाचता येत नाही आणि फोनमधलं काही उघडताही येत नाही. शेजारची सून तिला माझा मेसेज लावून द्यायची, मग बटण धरून ठेवायची, आणि आई त्यात बोलायची. मागून बाकीच्या ओरडायच्या, ये गं एकदा, बारीक झालीस का, पोट आलं का नाय.

पूर्वी मला हे आवडायचं. मी मुद्दाम त्या बायांसाठी काहीतरी घालायची मेसेजात, नवऱ्याची नक्कल, साहेबांची नक्कल. पण त्या परिषदेनंतर डोळ्यांसमोर तो दगड आला की मला चहाचे कपच दिसायला लागले. तिथंही मी बोलतेय आणि लोक हसतायत. काय फरक आहे? फरक होता, आणि केवढा, पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आई फोनवर आल्यावर मी तिला सरळ सांगितलं, माझं बोलणं कोणाला ऐकवू नको. कोणालाच नाही.

आईनं लगेच विचारलं, "कोनी काय बोलला का तुला?"

"नाही. तू ऐकवू नको, बस."

"बरं," आई म्हणाली.

त्यानंतरही मी तिला मेसेज पाठवत राहिले, पण ते पाठवण्यासारखे राहिले नाहीत. ते मी मराठीत बोलायची. स्वच्छ, धुतलेल्या मराठीत. "आई, आम्ही इकडे सर्व मजेत आहोत. तुझी तब्येत कशी आहे? औषधं वेळेवर घे." एखादा ‘ण’ घसरला की पुसायचं आणि परत बोलायचं. म्हणजे उद्या तो कोणाच्याही हाती लागो, कोणाच्याही फोनवर जावो, हसायला एक जागा सापडता कामा नये. आईशी बोलताना मी हे करत होते. आईशी!

आणि माझ्या लक्षात आलं की आई ते ऐकतच नाहीये. ऐकलेल्या मेसेजवरची खूण निळी होते, माझे सगळे तसेच राखाडी. एक, दोन, दहा. मी दिवसातून कितीदा उघडून बघायची ते सांगायला लाज वाटते. फोन केला तर आई तुटक बोलायची. "बरं हाय. जेवलू. ठेव." पूर्वी फोन ठेवायला हीच बाई तयार नसायची. मी मनाशी धरलं की आई रागावलीय. मग धरलं की रागावली नाही, तिला मी नकोशी झालेय. मग वाटलं, त्या बायांनी तिला काही सांगितलंय माझ्याबद्दल. काय सांगणार होत्या? मला माहीत नव्हतं, पण काहीतरी सांगितलंय याची खात्री होती. मैत्रीण गेली ती गेली. आता आईसुद्धा हातची जाणार, आणि का ते मला कळणारही नाही. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा.

शेवटी भात झोडायच्या दिवसांत सुट्टी बघून मी गेले. नवऱ्याला म्हटलं, एकटी जाते. तो म्हणाला, "जा, आणि भांडू नकोस." दाभोशाच्या रस्त्याला जीपमधून उतरले आणि पायवाटेनं खाली चालत निघाले. वाटभर मी भांडणाचीच तयारी करत होते. काय विचारायचं, ती काय म्हणेल, मग मी काय म्हणेन. तयारी मराठीत चालली होती हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

आई खळ्यावर भात वारवत होती. मला बघून सूप खाली ठेवलं, हात झटकले, आणि हसली. रागाचा मागमूस नाही. घरात नेलं, पाणी दिलं, नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली, मी बारीक झाले म्हणाली. मी भाकरीचा तुकडा नुसता आमटीत बुडवत बसले. जी बाई तुमचा आवाज ऐकत नाही ती तुम्हाला इतकं आग्रहानं वाढते कशी?

मी भाकरी ठेवली आणि म्हणाले, "तू माझे मेसेज का ऐकत नाहीस?"

आईनं कमरेची गाठ सोडली, त्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. म्हणाली, "तूच सांगलास ना, कोनाला ऐकवू नको."

"कोणाला म्हणजे बाकीच्यांना. तुला नाही."

"माना तो खोलता येत नाय. सुनेला खोलाय दिला तं ती ऐकल. म मी कोनालाच नाय दिला."

आई सांगत होती, साधेपणानं, कामाचं काहीतरी सांगावं तसं. ती रोज संध्याकाळी वर दगडावर जायची. फोन वाजायचा. बाया म्हणायच्या, पोरीचा आलाय, लाव. ती म्हणायची, नाय लावायचा. त्यांनी चिडवलं, काय गं, मोठी गुपितं आलीत का मॅडमची? शेजारची सून तर रुसली, इतके दिवस मीच लावून देत होते आणि आता माझ्यावर विश्वास नाही का? आईनं तिला काही सांगितलं नाही. फोन आला तरी दोनच शब्द बोलायची, कारण शेजारी सगळ्या बसलेल्या. "तूच नको बोललीस," ती परत म्हणाली. आणि रिंग वाजून मेसेज येऊन पडला की फोन गुंडाळून कमरेला बांधायची आणि खाली यायची. माझा आवाज कमरेला बांधून ती भात कापत होती, लाकडं आणत होती, आणि त्यातलं एक अक्षर तिनं ऐकलं नव्हतं.

जिनं कधी शाळेची पायरी पाहिली नाही तिला मी एक शब्द टाकला होता, तोही रागानं, आणि तिनं तो असा पाळला. माझं मन भरून आलं. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचं होतं. पण आई घाईत होती. तिनं हात पुसले, माझ्या अगदी जवळ सरकून बसली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"आता तू हायेस. लाव."

दार तिनं आधीच लोटून घेतलं होतं. मी पहिला मेसेज लावला. त्या अंधुक घरात एक अनोळखी बाई बोलायला लागली, "आई, आम्ही इकडे सर्व मजेत आहोत." आई मान खाली घालून ऐकत होती. तिला मराठी समजतं, पण भरभर नाही, म्हणून कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. दुसरा लावला. तिसरा लावला. औषधं वेळेवर घे. पाऊस कसा आहे? आमचं सर्व ठीक आहे. मला मधेच बंद करायचं होतं, पण तिनं माझा हात धरून ठेवला. इतके दिवस थांबली होती, एकही सोडायला तयार नव्हती. प्रत्येक मेसेज सुरू झाला की तिचा चेहरा उजळायचा, आता यात असेल म्हणून.

शेवटचा संपला. आई अजून थोडा वेळ फोनकडे बघत होती. मग तिनं मला विचारलं, "म कोनाला ऐकवू नको असा यात काय होता?"

काही नव्हतं. जे कोणाच्याही हाती लागलं तरी चालेल, तेवढंच मी तिच्याकडे पाठवलं होतं. आणि तिनं त्याच्यासाठी शेजारणीशी वाकडं घेतलं होतं.

मी सांगायला लागले. आमच्या भाषेत सांगायचं होतं, सगळं, पहिल्यापासून. पण तोंडात आला तो पहिला शब्द मराठी होता. तो गिळला, दुसरा शोधला, तोही मराठीच. माझा हात हातात धरून आई माझ्या तोंडाकडे बघत बसली.